गुणपत्रिका कोणाची?

शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की अकोला-अमरावतीच्या चौकाचौकांत फलक झळकू लागतात. हसऱ्या मुलामुलींची छायाचित्रं, नावापुढे गुण, खाली शाळेचं नाही तर शिकवणी वर्गाचं नाव. लेकरांनी मेहनत केलेली असते, त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण तीस-बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याची नजर त्या फलकावर नसलेल्या मुलांना शोधत राहते. त्याला कारण आहे, आणि ते आज सांगून टाकावं म्हणतो.

१९९३ सालची गोष्ट. दर्यापूर आणि मूर्तिजापूर यांच्या मधल्या एका गावात चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. पटावर ३१ मुलं. १९५४-५५ पासून चालत आलेली ही परीक्षा तेव्हा चौथी आणि सातवीला होत असे. किती मुलं बसली आणि त्यांतली किती उत्तीर्ण झाली, यावरून लोक शाळेचा आणि गुरुजींचा वकूब ठरवत. टक्का वाढवायचा तर मार्ग दोनच. एक तर सगळ्यांना शिकवायचं, नाही तर बसणारी मुलं कमी करायची. दुसरा मार्ग सोपा होता. मी सात मुलं निवडली. त्यांचे सकाळ-संध्याकाळ जादा वर्ग घेतले. उरलेल्या २४ जणांना फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगून मी त्या सात जणांची बुद्धिमत्ता चाचणीची उत्तरं तपासत बसायचो.

एके संध्याकाळी कापूस वेचून परतणारी एक बाई शाळेच्या दाराशी उभी राहिली. "गुरुजी, माह्या पोराचं नाव काहून नाही घेतलं जी?"

मी म्हणालो, "पाहू पुढच्या वर्षी."

चौथीच्या परीक्षेला पुढचं वर्ष नसतं, हे मला ठाऊक होतं. तिला नव्हतं. "बरं जी," म्हणून ती निघून गेली. निकाल लागला. सातच्या सात मुलं उत्तीर्ण. शंभर टक्के! तालुक्याला माझा सत्कार झाला. शाल अजून घरी आहे.

२०१७ मध्ये ही परीक्षा पाचवी-आठवीला गेली. २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला घेण्याचा निर्णय झाला. इयत्ता बदलते, त्यावर चर्चाही रंगते. मला मात्र सलतो तो प्रश्न इयत्तेचा नाही. परीक्षेनं नेमकं कोणाला मोजायचं, हा आहे.

गेल्या वीस वर्षांत सगळ्यांना मोजणाऱ्या चाचण्याही आल्या. 'प्रथम' संस्थेचं 'असर' सर्वेक्षण २००५ पासून खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावतं. केंद्र सरकारचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ आणि २०२१ मध्ये झालं, २०२४ मध्ये ते 'परख' या नावानं झालं. २०२३-२४ पासून राज्यात तिसरीच्या पुढच्या मुलांच्या भाषा, गणित आणि इंग्रजीच्या चाचण्या एकाच प्रश्नपत्रिकेवर होऊ लागल्या. मी त्यांचा विरोधक नाही. सगळ्यांना मोजलंच नाही तर माझ्या वर्गातल्या त्या चोवीसांसारखी मुलं कोणाला दिसणार? 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या फक्त २७.१ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता. २०२२ मध्ये, टाळेबंदीनंतर, हा आकडा २०.५ पर्यंत घसरला होता. म्हणजे सुधारणा झाली ती मूळ जागी येण्यापुरतीच. चारातली जवळजवळ तीन मुलं अजून मागेच आहेत.

पण आकडा हाती आला म्हणजे मूल समजलं असं नाही. चित्र ओळखण्याच्या प्रश्नात पेरूच्या चित्राखाली एका पोरानं 'जांब' लिहिलं आणि मी लाल शाईनं फुली मारली. साऱ्या गावात पेरूला जांब म्हणतात, कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी स्वतः घरी तेच म्हणतो! आमच्या वऱ्हाडी मुलांचं एवढ्यावर निभावतं. मेळघाटातल्या कोरकू मुलांचं काय? कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, संथाळीच्या गोतातली वेगळी भाषा. धारणी-चिखलदऱ्याकडचं सहा वर्षांचं मूल शाळेत येतं तेव्हा मराठी त्याला परकी असते. त्याच्या भाषेच्या पेपरात कमी पडतात ते गुण त्याच्या बुद्धीचे नसतात, आपल्या तयारीचे असतात. शिवाय २०१७ चं सर्वेक्षण १३ नोव्हेंबरला झालं, २०२१ चं १२ नोव्हेंबरला. वऱ्हाडात हे दिवस कापूस वेचणीचे. ज्यांची मोजणी सर्वांत गरजेची, त्यांतली किती मुलं त्या दिवशी वर्गात असतील?

आणि आकड्याला मोठ्या माणसांची अब्रू चिकटली की काय होतं, ते अमेरिकेतल्या अटलांटा शहरानं पाहिलं आहे. तिथे चाचणीच्या गुणांवर शाळांची पत आणि शिक्षकांचं बक्षीस ठरत होतं. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. मुलांची चुकीची उत्तरं खोडून बरोबर उत्तरं भरली गेली होती. २०१५ मध्ये ११ जणांना न्यायालयानं दोषी ठरवलं. हे वाचून मी हसलो नाही. त्यांनी उत्तरं खोडली, मी मुलांची नावं खोडली होती.

डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयानुसार पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. पुरवणी परीक्षेतही मूल अनुत्तीर्ण झालं तर ते त्याच वर्गात राहणार. चार वर्षं मूल आमच्या हाताखाली कच्चं राहायचं आणि त्याची किंमत पाचवीत त्यानं एकट्यानं भरायची, हा न्याय मला पटत नाही. प्राथमिक शाळेतली गुणपत्रिका ही आधी शाळेची, शिक्षकाची आणि आम्हा घरच्यांची असते. चाचणी ऑगस्टमध्ये झाली तर सप्टेंबरपासून त्या मुलासाठी वर्गात काय बदललं, हे सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर चाचणी कागदावरच राहिली.

गेल्या वर्षी त्याच गावी एका लग्नाला गेलो होतो. चाळिशीचा एक माणूस पाया पडला. ओळख पटली. त्याच बाईचा मुलगा. सोबत तिसरीतली लेक होती. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणाला, "गुरुजी, शाळेतून इचे मार्क येतात, पण मले त्यातलं काही समजत नाही. इले वाचता येते का, तेवढं पाहून सांगा जी."

मांडवाच्या कडेला बसून मी तिला पुस्तकातलं एक पान वाचायला दिलं. साधे शब्द तिनं नीट वाचले. जोडाक्षर आलं की ती अडखळायची आणि माझ्याकडे पाहायची. मी तिच्या बापाला तेवढंच सांगितलं: वाचता येतं, जोडाक्षरं कच्ची आहेत, रोज दहा मिनिटं बसवलं तर दोन महिन्यांत येईल. "एवढंच होय?" तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं.

चाचणीनं आईबापाला एवढंच सांगायला हवं. १९९३ मध्ये त्याच्या आईला मी एवढंच सांगायला हवं होतं. आज रविवार आहे. घरात तिसरी-चौथीतलं मूल असेल तर त्याचे गुण विचारू नका. पुस्तक घेऊन त्याच्याशेजारी दहा मिनिटं बसा, आणि शेजारच्या घरातलं, ज्याच्या आईला वाचता येत नाही, तेही मूल हाक मारून बोलवा.