ज्याची तिथि आहे, पण देह नाहीं

डिसेंबर महिना उजाडला कीं आमच्या स्नेह्यांच्या एका घराची आठवण आम्हांस हटकून होते. त्या घराच्या माजघरांत पांढऱ्या गणवेशांतील एका विशीच्या तरुणाची तसबीर आहे. तो आरमारांत खलाशी होता व ‘खुकरी’ या युद्धनौकेवर त्याची नेमणूक होती. एवढें सांगितलें म्हणजे वडीलधाऱ्या वाचकांस पुढचें कळेल. लहानांसाठीं थोडें अधिक सांगतों.

१९७१ च्या युद्धांत पाकिस्तानची एक पाणबुडी सौराष्ट्राच्या समुद्रांत वावरत असल्याचा सुगावा लागला, तेव्हां तिच्या शोधार्थ ‘खुकरी’ व ‘कृपाण’ या नौका मुंबईहून निघाल्या. ९ डिसेंबरच्या रात्रीं पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून सुमारें ४० सागरी मैलांवर, ‘हंगोर’ या पाणबुडीच्या पाणतीरानें ‘खुकरी’चा घात केला. वद्य पक्षांतील रात्र. चंद्र उगवण्यास अवकाश होता. नौका कांहीं मिनिटांतच तळाशीं गेली, आणि खालच्या दालनांत असलेल्यांपैकीं बहुतेकांस वर येण्यास सवडच मिळाली नाहीं. १८ अधिकारी व १७६ खलाशी कामास आले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनीं हातून होईल तितक्यांस बाहेर काढलें, स्वतःचें जीवरक्षक जाकीट दुसऱ्यास दिलें, आणि नौका मात्र सोडली नाहीं. त्यांस मरणोत्तर महावीर चक्र मिळालें. त्यांचें नांव देशास ठाऊक आहे, व तें असलेंच पाहिजे. आम्हांस आज बोलावयाचें आहे तें त्या १७६ जणांविषयीं.

आमच्या स्नेह्यांकडे तार आली ती ‘बेपत्ता’ एवढ्याच अर्थाची. पुढें सारें निश्चित कळलें, तेव्हां घरांत प्रश्न उभा राहिला. देह न मिळाल्यास पळसाच्या पानांची प्रतिकृति करून तिला अग्नि द्यावा, असा पालाशविधि शास्त्रांत आहे. वडील मंडळींनीं तो सुचविला. परंतु आईनें निक्षून सांगितलें, “पानांना अग्नि देऊं म्हणतां, पण माझा मुलगा पाण्यांत आहे.” नाहींशा झालेल्या माणसाची बारा वर्षें वाट पाहावी असेंही शास्त्रच सांगतें, तेवढी मुदत तिनें मागून घेतली. तिला कोणीं दुखविलें नाहीं, पण मुलाचें नांवही पुन्हां कोणीं उच्चारलें नाहीं. घरांत त्याच्याविषयीं बोलणेंच बंद झालें.

बारा वर्षें सरलीं. भाद्रपद वद्य चतुर्दशीस, म्हणजे शस्त्रादिहतांच्या श्राद्धाच्या दिवशीं, आम्ही त्यांच्याकडे होतों. ती माऊली स्वयंपाकघराच्या दाराशीं येऊन थोरल्या दिरांस म्हणाली, “भावोजी, आज त्याचेंही पान वाढा.” जेवणें झाल्यावर घरांतील एका सात वर्षांच्या मुलानें तसबिरीकडे बोट दाखवून विचारलें, “हे कोण?” नेहमींप्रमाणें कोणीतरी त्याला गप्प करणार, तोंच तिनें त्याला जवळ घेतलें आणि सांगूं लागली : हा तुझा काका, पाठीला भोपळा बांधून याच वाड्यांतील विहिरींत पोहावयास शिकला, पहिल्या दिवशीं भिऊन इतका रडला कीं शेजारीपाजारी धांवून आले. बारा वर्षांनंतर त्या घरांत त्याच्या नांवानें कोणी हंसलें, तें त्या दिवशीं.

आपल्याकडे आजोबांचें नांव नातवाला ठेवतात. आरमारानेंही तेंच केलें. मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली नवी ‘खुकरी’ १९८९ सालीं सेवेंत रुजू झाली, तेव्हां श्रीमती सुधा मुल्ला समारंभास होत्या. ती नौका २०२१ सालीं निवृत्त होऊन पुढें दीवलाच गेली. तेथें जुन्या ‘खुकरी’चें स्मारकही आहे. नौकेचें नांव असें पुढें चालतें. परंतु अविवाहित गेलेल्या पोराचें नांव कोणीं चालवावें? कुलवृत्तांतांत त्याची नोंद अर्ध्या ओळीची असते, आणि तेथेंच त्याची शाखा थांबते.

म्हणून आमचें वाचकांस सांगणें एवढेंच आहे. ज्यांच्या कुळांत असा कोणी असेल त्यांनीं कुलवृत्तांताच्या पुढील आवृत्तीसाठीं त्या अर्ध्या ओळीच्या चार ओळी कराव्या : तो कोठें शिकला, काय आवडीनें खाई, कशाला भीत असे. हें सांगणारीं माणसें दरसाल थोडीं होत चाललीं आहेत. आणि ज्यांच्या कुळांत असा कोणी नाहीं, त्यांनींही आपलें अंग काढून घेऊं नये. भीष्माष्टमीस आपण ज्या भीष्मांना ओंजळभर पाणी देतों, ते आपल्या गोत्राचे नव्हत. त्या १७६ जणांत निरनिराळ्या धर्मांचे व प्रांतांचे तरुण होते. कित्येकांना हा विधि परकाही असेल. पण ९ डिसेंबरच्या रात्रीं जेवणाच्या पंगतींत मुलांना त्यांची गोष्ट सांगावयास कोणत्याच शास्त्राची आडकाठी नाहीं.