जीर्णोद्धार की विसर्जन?

माझगावच्या किनाऱ्याचे एक वैशिष्ट्य आहे, आणि ते खुद्द मुंबईकरांच्याही फारसे ध्यानात येत नाही. या किनाऱ्यावर माझगाव गोदीत नव्या युद्धनौका बांधल्या जातात. आणि तेथून थोड्याच अंतरावर, दारूखान्यात, जुन्या नौका तोडण्याचा धंदा अनेक दशके चालत आला. नौकेचा जन्म आणि तिचा अंत्यविधी असे एकाच वस्तीत पाहण्याचा योग इतरत्र क्वचितच येत असेल. परंतु नौका कशी बांधावी हे शास्त्र आम्ही जितक्या उत्साहाने शिकलो, तितक्या उत्साहाने ती जीर्ण झाल्यावर तिचे काय करावे हे ठरविण्याचे शास्त्र आमच्या सरकारांनी शिकून घेतलेले नाही, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते. या विधानास पुरावा पाहिजे असल्यास ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचा इतिहास पाहावा.

ही नौका हिंदुस्थानाने १९५७ साली ब्रिटनकडून अर्धवट बांधलेल्या स्थितीत विकत घेतली व ती १९६१ च्या मार्चमध्ये नौदलात दाखल झाली. दहा वर्षांनी, बांगलादेशच्या युद्धाच्या तोंडावर, तिच्या चार बॉयलरांपैकी एकास तडे गेलेले होते. नवा बॉयलर देशात मिळण्यासारखा नव्हता. अशा नौकेस बंदरात बांधून ठेवणे ही सर्वांत सोपी गोष्ट होती. त्याबद्दल कोणी कोणास दोष दिला नसता. परंतु ॲडमिरल नंदा यांच्या नौदलाने तो सोपा मार्ग पत्करला नाही. दोष कोठे व किती आहे हे तपासले, वेगावर मर्यादा घातली, आणि नौका बंगालच्या उपसागरात धाडली. ४ डिसेंबर १९७१ पासून तिच्या विमानांनी कॉक्स बझार व चितगाव येथे जी कामगिरी केली ती सर्वश्रुत आहे. पुढे मोठी दुरुस्ती होऊन तिला नवे बॉयलर बसले, आणि १९९७ पर्यंत ती नौदलात राहिली. यावरून घ्यावयाचा बोध एवढाच की, यंत्र जुने झाले किंवा त्यास तडा गेला म्हणजे ते निरुपयोगी झाले असे नव्हे. त्याकडून काम कोणते घ्यावयाचे, धोका किती, खर्च किती, हे तीन प्रश्न वेळेवर विचारून त्यांचे उत्तर देण्याचे धैर्य मात्र पाहिजे.

हे धैर्य रणांगणावर दिसले. कचेरीत ते दिसले नाही. ३१ जानेवारी १९९७ रोजी ‘विक्रांत’ निवृत्त झाली. तिचे कायमचे संग्रहालय करण्याच्या घोषणा झाल्या. २००१ पासून ती मुंबईत लोकांस पाहावयास खुली झाली खरी. पण तिच्या कायमच्या जागेचा व पैशाचा प्रश्न भिजत घोंगड्याप्रमाणे पडून राहिला. खारे पाणी कोणत्याही फायलीची वाट पाहत नाही. २०१२ साली नौका धोकादायक झाल्यामुळे प्रेक्षकांस बंद झाली. २०१४ साली सुमारे ६० कोटी रुपयांस तिचा लिलाव झाला. प्रकरण न्यायालयांत गेले. परंतु सरकारचा निर्णय कायद्यास धरून आहे की नाही, एवढेच न्यायालय मुख्यत्वे पाहू शकते. सतरा वर्षे वाया गेली ती परत देणे त्याच्या हाती नसते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्ग मोकळा केला, आणि नोव्हेंबरात दारूखान्याच्या किनाऱ्यावर तिच्यावर गॅसच्या ज्योती चालू लागल्या. पुढे तिच्या पोलादाचे मुंबईत एक स्मारक झाले, काही पोलाद मोटारसायकलींत गेले. बैल गेला आणि झोपा केला, तो असा!

कोणी म्हणेल की, गरीब देशाने जुन्या लोखंडावर कोट्यवधी रुपये का उधळावे? हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. प्रत्येक जुनी नौका जपावी असे आमचे म्हणणे नाहीच. आपल्याकडे देवालय जीर्ण झाले तर त्याचा जीर्णोद्धार करतात, आणि मूर्ती भंगली तर तिचे विधिपूर्वक विसर्जन करतात. या दोहोंपैकी काहीच न करता मूर्ती उंबऱ्यात झिजत ठेवणे, याला मात्र कोणीही भक्ती म्हणणार नाही. ‘विक्रांत’ मोडली याचे आम्हांस दुःख आहे. पण मोडावयाचीच होती तर ती १९९७ सालीच का मोडली नाही, आणि ठेवावयाची होती तर त्याच वर्षी तिजोरी का उघडली नाही, हा आमचा खरा प्रश्न आहे.

हे अशक्य होते काय? ‘कुरसुरा’ ही पाणबुडी २००१ च्या फेब्रुवारीत निवृत्त झाली, आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर लोक तिच्या पोटात शिरून ती पाहू लागले. पाणबुडी लहान व विमानवाहू नौका प्रचंड, हे कबूल. परंतु फरक केवळ आकाराचा नाही, निश्चयाचाही आहे. ‘विराट’ २०१७ साली निवृत्त झाली, तेव्हा ‘विक्रांत’चा धडा ताजा होता. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८ साली सिंधुदुर्गातील निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याची ८५२ कोटींची योजना मंजूर केली. आणि दोन वर्षांनी ती नौका ओढून अलंगच्या किनाऱ्यावर मोडण्यास नेण्यात आली! मंजुरीचा कागद म्हणजे पैसा नव्हे, हे यावरून उघड होते.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. तिच्याविषयी स्मारकवादी बोलत नाहीत आणि लिलाववालेही बोलत नाहीत. नौका मोडतो कोण? परप्रांतांतून पोटासाठी आलेला मजूर. जुन्या वाफेच्या नौकांत नळांभोवती ॲस्बेस्टॉसची वेष्टने असतात. त्याची धूळ श्वासावाटे गेली म्हणजे रोग पुष्कळ वर्षांनी प्रगट होतो, आणि तोवर मुकादम व मालक दोघेही विस्मृतीत गेलेले असतात. जहाजांच्या पुनर्चक्रणाचा कायदा २०१९ साली झाला, हे योग्यच झाले. परंतु त्यातून युद्धनौका वगळल्या आहेत. सेवेतून मुक्त होऊन व्यापाऱ्याच्या हाती गेलेल्या नौकेस हा अपवाद लागू राहतो किंवा कसे, याविषयी संशयास जागा राहता कामा नये. देशाचे रक्षण करणाऱ्या नौकेने अखेरीस देशाच्याच मजुराचे फुप्फुस जाळावे, याहून विपरीत ते काय?

म्हणून आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, नौकेचे पुढे काय करावयाचे हे तिच्या निवृत्तीपूर्वी निदान दोन वर्षे ठरावे, व तो निर्णय कारणांसह प्रसिद्ध व्हावा. दुसरी, जपावयाची असेल तर केवळ उद्घाटनाचा नव्हे, तर दरसालच्या रंगरोगणाचा व डागडुजीचा पैसा आधी विश्वस्तांच्या स्वाधीन करावा. तो न मिळाल्यास संग्रहालयाची घोषणाच करू नये. तिसरी, मोडावयाची असेल तर तिच्यातील विषारी द्रव्यांची यादी आणि मजुरांच्या संरक्षणाच्या अटी विक्रीच्या करारातच घालाव्या.

जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीजवळ समुद्रतळी संग्रहालय करण्यासाठी पुढल्या वर्षी महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाकडे सोपविण्यात आली. त्वरा झाली, हे शुभचिन्ह होय. निगा राखली जाते की नाही, ही कसोटी पुढची. तसेच, जानेवारी २०२५ मध्ये माझगाव गोदीने बांधलेल्या ‘निलगिरी’, ‘सुरत’ व ‘वाघशीर’ या तिघी एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. त्याही एके दिवशी जुन्या होतील. तो दिवस उजाडेल तेव्हा त्यांची फाईल कोणा कारकुनाच्या कपाटात धूळ खात पडलेली नसावी, एवढी दूरदृष्टी आज दाखविली तर माझगावचा किनारा या राष्ट्रास दुवा देईल.