‘डी.एड. तरी कर!’

बारावी आणि सीईटीचे निकाल लागले की सोलापुरात फ्लेक्सचा मोसम सुरू होतो. पर्सेंटाइलचे आकडे, पेढा भरवतानाचे फोटो आणि खाली ठळक अक्षरांत क्लासचं नाव. ज्या घरातला चेहरा फ्लेक्सवर नसतो, तिथे त्या आठवड्यात जेवणं मुकाट्याने उरकतात. मग कुणीतरी वडीलधारं माणूस घसा खाकरून म्हणतं, ‘‘बघ बाबा, आता अमुक तरी कर.’’ हा ‘तरी’ मराठीतला फार क्रूर शब्द आहे. दोनच अक्षरं, पण त्यांत पोराचा भाव किती उतरला ते सगळं कळतं.

रणजितसिंह डिसले यांच्या वाट्याला हाच ‘तरी’ आला होता. बार्शीच्या या तरुणाला आयटी इंजिनिअर व्हायचं होतं. इंजिनिअरिंग काही जमलं नाही. वडिलांनी शिक्षक प्रशिक्षणाचा पर्याय पुढे केला आणि त्यांनी तो काहीशा नाखुशीनेच धरला. २००९ मध्ये ते माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. मोडकळीला आलेली इमारत, एका अंगाला गुरांचा गोठा, दुसऱ्या अंगाला कोठार, असं त्या शाळेचं वर्णन पुढे जगभर छापून आलं.

ते छापून येण्याचं कारण ३ डिसेंबर २०२०ला घडलं. वार्की फाउंडेशनचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ डिसले यांना जाहीर झाला. १४०हून अधिक देशांतून आलेल्या बारा हजारांवर नामांकनांतून निवड झालेले ते पहिले भारतीय. रक्कम दहा लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे सात कोटी रुपये. त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली.

इथवरची गोष्ट सत्कारसमारंभात हमखास ऐकायला मिळते. अपयशाने खचू नका, असं सांगून वक्ता खाली बसतो. पण परितेवाडीत नेमकं काय जुळून आलं, हा खरा प्रश्न आहे.

पहिलं उत्तर पुस्तकाच्या पानावर आहे. डिसले यांनी पहिली ते चौथीच्या पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पानावरच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनासमोर घरातला मोबाइल धरला की कविता ऐकू येते, धड्याचा व्हिडिओ दिसतो, गृहपाठ उघडतो. हा चौकोन मुळात शाळेसाठी जन्मलाच नव्हता. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला बनवला. कारखान्यातली ही वस्तू चौथीच्या कवितेशेजारी नेऊन बसवायला अर्धा इंजिनिअर आणि पूर्ण मास्तर असा माणूस लागतो. २०१७ मध्ये महाराष्ट्राने पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचं जाहीर केलं आणि पाठोपाठ २०१८ मध्ये एनसीईआरटीनेही. इंजिनिअरिंगची सुटलेली वाट वाया गेली नाही, ती दुसऱ्या वाटेवर कामाला आली.

दुसरं उत्तर सत्काराच्या भाषणात येत नाही. परितेवाडीची नोकरी सरकारी होती. प्रयोग फसला तरी चूल विझणार नव्हती. वस्तीवरच्या शाळेत मास्तरला आपल्या मनाचं काही करून बघता येत होतं. निराशेतून संधी उगवायला अशी थोडी मोकळी जमीन लागते.

माढ्याच्या शेजारच्या करमाळा तालुक्यातही हेच दिसतं. जेऊरचे चित्रपट दिग्दर्शक नागराज मंजुळे दहावीला नापास झाले होते. पुढे त्यांनी मराठीत एम.ए. केलं आणि अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. तिथल्या शिक्षणातून ‘पिस्तुल्या’ हा लघुपट आला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर २०१३चा ‘फँड्री’ आणि २०१६चा ‘सैराट’. दहावीच्या गुणपत्रिकेवर लाल रेघ असलेल्या मुलाला पुढे कॉलेजचं दार उघडं होतं आणि ते दार शेजारच्या जिल्ह्याच्या गावी, आवाक्यातल्या अंतरावर होतं, हे विसरता येत नाही.

जिथे अशी जमीनच नव्हती, तिथलं चित्रही सोलापूरने पाहिलं आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. या गिरण्यांच्या भोंग्यावर शहर उठत होतं. एकेक करून त्या बंद पडल्या. कामगार यंत्रमागावर गेले, रिक्षा चालवू लागले आणि कितीतरी घरांचा भार विड्या वळणाऱ्या बायकांवर आला. तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याच्या मापाने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं. मजुरी हजारी विड्यांवर. पूर्व भागातल्या या बायकांच्या चिकाटीत काय कमी होतं? पण त्यांच्या ‘तरी’ला पगाराची हमी नव्हती, शिकायला फुरसत नव्हती. म्हणून त्या निराशेची संधी झाली नाही, नुसतं पोट भरणं झालं.

आजच्या मुलांसाठी तर परितेवाडीची वाटही अरुंद झाली आहे. २०१२ मध्ये राज्याने शिक्षकभरती थांबवली. त्यानंतर भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर २०१७ मध्ये आणि पवित्र पोर्टलवरून नेमणुका व्हायला २०१९ उजाडलं. मधल्या काळात डी.एड. झालेली पोरं वयाची अट मोजत बसली आणि विद्यार्थी मिळेनात म्हणून कितीतरी अध्यापक विद्यालयांना कुलुपं लागली. नेमणूक मिळालीच, तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर. ते मानधन सहा हजारांवरून सोळा हजारांवर यायलासुद्धा २०२३ उजाडावं लागलं.

खुद्द डिसले यांची पुढची वाटही सरळ राहिली नाही. फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी हवी असलेली रजा, कामावरच्या गैरहजेरीची चौकशी यांवरून २०२२ मध्ये वाद पेटला आणि जुलैत त्यांनी राजीनामा सादर केला. चूक कुणाची, यावर जिल्ह्यात आजही दोन मतं सापडतील. पण नियमावलीत प्रयोगशील शिक्षकासाठी कोणता रकाना आहे, हा प्रश्न त्या वादाने उघडा केला.

म्हणून निकालाच्या दिवसांत पोरांना धीर धरायला सांगून भागणार नाही. शिक्षकभरतीला दरवर्षीची ठरलेली तारीख हवी. शिक्षकाला शिकायला रजा मिळण्याचा सोपा नियम हवा. नापास झालेल्याला पुन्हा आत येता येईल असा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावापर्यंत हवा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो ‘तरी’ तेवढा गिळावा. ‘‘डी.एड. कर,’’ एवढंच म्हटलं तरी वाक्य पुरं होतं.

फ्लेक्सचं म्हणाल, तर ते फार दिवस टिकत नाहीत. पाऊस लागला की लोक ते उतरवून नेतात आणि कडब्याच्या गंजीवर, नाहीतर गोठ्याच्या छपरावर अंथरतात. पर्सेंटाइलची बाजू खाली करून.