जुन्या जीपचे इंजिन : बांधावे की बदलावे?

गोठ्याशेजारी, पत्र्याच्या शेडात किंवा चिंचेखाली उभी असलेली जुनी जीप आजही पुष्कळ गावांत दिसते. कुणाच्या आजोबांनी ती नवी घेतलेली असते, कुणी लिलावात घेतलेली असते. तिच्यातून कांद्याच्या गोणी बाजाराला गेल्या, नवरीची पाठवणी झाली, अडल्या बाळंतिणीला रात्री तालुक्याला नेले. मग एक दिवस ती निळा धूर मारू लागते, चढाला धापा टाकते, आणि घरात दोन पक्ष पडतात. आजोबा म्हणतात, "तेच इंजिन बांधून घ्या." नातू म्हणतो, "डिझेल टाकू." मिस्त्री तर बॉनेट उघडण्याआधीच सांगतो, "इंजिन गेलं, दुसरं बघा."

बंधू-भगिनींनो, तिघांचेही ऐकून घ्यावे. पण निकाल कुणाच्याच तोंडच्या शब्दावर देऊ नये. निकाल मापाने द्यावा. रान नांगरण्याआधी आपण वाफसा पाहतो, तसेच हे.

जीपचे इंजिन कसे असते?

महिंद्र कंपनीने १९४७ साली विलीज जीपची जोडणी आपल्याकडे सुरू केली. खेड्यापाड्यांत सर्वांत जास्त दिसली ती उंच बॉनेटची जीप, म्हणजे सी. जे. ३ बी. तिच्यात 'हरिकेन' नावाचे चार सिलिंडरचे, सुमारे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन असे. त्याचे इनटेक वाल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट वाल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. हेड उंच झाले म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. एक्झॉस्ट वाल्व्ह ब्लॉकमध्येच असल्यामुळे इंजिन फार तापले तर इजा थेट ब्लॉकला होऊ शकते. पाणी संपलेल्या रेडिएटरवर गाडी दामटली होती का, हे आधी घरात खरे खरे विचारून घ्यावे.

उघडण्याआधीची तपासणी

गाडी चालू असेल तर धुराचा रंग पाहा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते. तो दोष बहुधा कार्बुरेटरचा असतो, इंजिनाचा नव्हे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये जात आहे. ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. गाडी तिथेच थांबवावी.

मग मिस्त्रीला कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा. इंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारावा आणि चारही आकडे कागदावर लिहावेत. चारही जवळपास सारखे हवेत. ज्या सिलिंडरचा आकडा पडला असेल त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा माप घ्या. आकडा वर चढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहे. चढला नाही तर दोष वाल्व्हमध्ये असण्याचा संभव जास्त. शेजारशेजारचे दोन आकडे पडले तर आधी हेड गॅसकेट पाहावे.

एवढ्यानेच पुष्कळदा वाद मिटतो. वाल्व्ह किंवा गॅसकेट गेले असेल, तर इंजिन बांधायचेही नाही आणि बदलायचेही नाही. वरचे काम केले की गाडी चालू लागते.

गाडी वर्षानुवर्षे उभी असेल तर धक्का मारून सुरू करण्याचा हट्ट धरू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ ऑइल सोडा, चार-आठ दिवस मुरू द्या, आणि मग हँडलने हळूहळू फिरवा. जाम झालेल्या इंजिनाला जोराचा झटका दिला, तर रिंगा तुटून एरवी वाचणारे सिलिंडरही ओरखडते.

उघडल्यावर काय पाहावे?

कॉम्प्रेशन ऑइल घातल्यावर चढत असेल, किंवा इंजिन गरम झाल्यावर ऑइलचे प्रेशर पडून आतून ठोका येत असेल, तर इंजिन उघडावेच लागते. उघडल्यावर दोनच वस्तू निकाल देतात : ब्लॉक आणि क्रँक. बाकीचे बहुतेक सामान नवे आणता येते किंवा लेथवर दुरुस्त होते.

सिलिंडर वरच्या भागात जास्त झिजते आणि लंबगोल होते. ते बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवतात. ही मापे दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ अशी वाढतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ब्लॉक आधीच शेवटच्या मापाला पोचला असेल तर त्यात स्लीव्ह घालून सिलिंडर मूळ मापावर आणता येते. क्रँकचे उलटे आहे. ती घासून बारीक करतात आणि तितक्या जाड बेअरिंगा घालतात. शेवटच्या मापाची बेअरिंग मिळेनाशी झाली की त्या क्रँकचा संसार संपला.

ब्लॉकला तडा आहे का, हे पाण्याचा दाब देऊन तपासून घ्यावे. सिलिंडरमध्ये किंवा वाल्व्हच्या सीटजवळ तडा असेल तर तिथे पैसा ओतू नये.

एक गोष्ट गाठीला बांधा. पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगा हातात आल्याखेरीज बोअर करायला किंवा क्रँक घासायला देऊ नका. आधी वीस थाऊ बोअर केले आणि बाजारात त्या मापाचे पिस्टनच नाहीत, असे झाले की ब्लॉक पोत्यात पडून राहतो.

बदलायचे तर काय बदलायचे?

ब्लॉक किंवा क्रँक कामातून गेली असेल, तर पहिला विचार त्याच जातीच्या दुसऱ्या इंजिनाचा करावा. ते जुन्याच जागेवर, जुन्याच गिअरबॉक्सला बसते. मात्र भंगारातले इंजिन घेताना ते चालवून दाखवायला सांगा, त्यालाही कॉम्प्रेशन गेज लावा, आणि इंजिन नंबरासह बिल घ्या. नंबर खोडलेला किंवा घासलेला असेल तर फुकट दिले तरी घेऊ नका. चोरीच्या गाडीचे इंजिन घरात आले तर पोलीसही घरात येतात.

डिझेल टाकण्याचा मोह जुना आहे. १९७३ नंतर खनिज तेल महागले आणि पेट्रोलची जीप अनेकांना परवडेना. पुढे महिंद्र कंपनीनेही आपल्या जीपना प्यूजोच्या परवान्याची डिझेल इंजिने बसवली. पण कारखान्यात बसवणे वेगळे आणि आपल्या शेडात बसवणे वेगळे. डिझेल इंजिन जड असते. त्याला फाउंडेशन, स्प्रिंग, रेडिएटर, सायलेन्सर, बॅटरी, क्लच आणि गिअरबॉक्सची जोडणी हे सारे बदलावे लागू शकते. वजन आणि ताकद वाढली की ब्रेकचाही विचार करावा लागतो. नुसत्या इंजिनाची किंमत ऐकून हिशेब करणारा माणूस बैलाची किंमत धरतो आणि वैरण विसरतो.

कागद आधी, पाना नंतर

इंजिनचा नंबर आर.सी. बुकात लिहिलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. इंजिन बदलण्याआधी, विशेषतः पेट्रोलचे डिझेल करण्याआधी, आर.टी.ओ. कार्यालयात विचारून परवानगी घ्या आणि बदलाची नोंद करून घ्या. विमा कंपनीलाही कळवा. अपघात झाला आणि नंबर जुळला नाही, तर भरपाईचे काम अडू शकते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि त्या तपासणीतही नंबर पाहतात.

गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल तर आणखी एक वाट आहे. २०२१ साली केंद्र सरकारने अशा गाड्यांसाठी वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. तिची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे ठरली. पण गाडी मूळ स्वरूपात हवी, आणि अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून अशा जीपचे मूळ इंजिन काढले तर ते भंगारात देऊ नका. ग्रीस लावून, झाकून ठेवा. जुन्या गाड्यांचा शौकीन त्याच इंजिनासाठी जास्त मोल देतो.

आजच्या पेट्रोलविषयी

आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. हे इथेनॉल काही अंशी आपल्याच उसातून तयार होते, पण जुन्या गाडीच्या रबराला ते मानवत नाही. इंजिन बांधताना पेट्रोलची नळी, पंपाचा पडदा आणि कार्बुरेटरची पॅकिंगे इथेनॉल सोसणारी घ्यावीत. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते.

वहीत मांडा, मग ठरवा

वहीचे एक पान घेऊन तीन रकाने पाडा : इंजिन बांधणे, त्याच जातीचे दुसरे बसवणे, आणि गाडी आहे तशी विकणे. प्रत्येकाखाली सामान, लेथ, मजुरी, वाहतूक आणि कागदपत्रांचा खर्च लिहा. मिस्त्रीचा अंदाज लेखी घ्या आणि वर चौथाई रक्कम धरून ठेवा, कारण इंजिन उघडल्यावर खर्च वाढतोच. हे पान घरातल्या बायकांसमोरही वाचा. फी, दवाखाना आणि बियाणे यांचे पैसे कुठून येतात, हे त्यांना नेमके ठाऊक असते.

ब्लॉक आणि क्रँक शाबूत असतील, सामान मिळत असेल आणि हातात मोकळा पैसा असेल, तर इंजिन बांधा. पहिले ५०० किलोमीटर दमाने चालवून ऑइल बदला. ब्लॉक गेला असेल तर त्याच जातीचे इंजिन शोधा. रोज माल वाहायचा असेल तर जीपला राबवण्यापेक्षा चांगली जुनी पिकअप घेणे कदाचित स्वस्त पडेल. आणि पैसाच नसेल तर जीप वर्षभर झाकून ठेवावी. त्यात कमीपणा नाही. पीककर्जाचा पैसा मात्र इंजिनात घालू नका. इंजिन पुढच्या हंगामानंतरही बांधता येते, चुकलेली पेरणी साधता येत नाही.