तिकिटावरचे दोन तास

मुलाने पाठवलेले दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्कोचे तिकीट नोएडाच्या आजोबांनी तीनदा वाचले. निघण्याची वेळ पहाटे ४, पोहोचण्याची सकाळी ६ आणि तारीखही तीच! ‘‘म्हणजे दोनच तास लागणार की काय?’’ आजींनी विचारले.

नाही. त्यांना विमानात काढायचे आहेत तब्बल साडेचौदा तास. तिकिटावरच्या वेळा ज्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ उन्हाळ्यात दिल्लीच्या साडेबारा तास मागे असते, हिवाळ्यात साडेतेरा. या दोन तासांत ते साडेबारा मिळवले की हिशेब जुळतो.

मग अंतर पाहिले तर वेळ कळेल का? तेही नाही. एअर इंडियाने ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली, तेव्हा विमान दिल्लीहून पश्चिमेकडे, अटलांटिक महासागर ओलांडून जाई. अंतर सुमारे १४,००० किलोमीटर, वेळ सुमारे साडेसोळा तास. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, वेळ मात्र दोन तासांनी घटला!

ही किमया वाऱ्याची. जमिनीपासून सुमारे १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ते मागून रेटतात, पश्चिमेकडे जाणाऱ्याला समोरून अडवतात. म्हणूनच पहिल्या मार्गाने विमान तासाला सरासरी ८५० किलोमीटर कापत होते, तर दुसऱ्या मार्गाने १,०५०.

वाऱ्याइतकाच राजकारणाचाही परिणाम होतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वळसा घालून व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावे लागले.

तेव्हा वडीलधाऱ्यांचे तिकीट काढताना फक्त किलोमीटर आणि घड्याळातल्या वेळा पाहू नका. दारापासून दारापर्यंत एकूण किती तास लागतील, वाटेत विमान कुठे थांबेल, तिथे उतरावे लागेल का, हे आधीच विचारा. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे असतील तर कोणती गोळी किती तासांनी घ्यायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्शुलिनच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे. औषधे हातातल्या बॅगेतच ठेवा. अधूनमधून उठून चार पावले चालणे आणि पुरेसे पाणी पिणेही विसरू नका.

आजोबांनी तिकिटाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिले, ‘साडेचौदा तास’. ते वाचून आजींनी गोळ्यांच्या डबीत दुपारची आणि संध्याकाळचीही गोळी भरली. दोन तासांवर विसंबल्या असत्या, तर दोन्ही गोळ्या सामानाच्या पेटीत गेल्या असत्या.