किमान म्हणजे किती?



दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी संगणकाचा विषय निघतो. नवा परवडत नाही, म्हणून जुन्याकडे नजर जाते. दुकानदार सांगतो, ‘विंडोज ११ चालेल, कंपनीच्या अटीत बसतो.’ अटीत बसणे निराळे आणि काम होणे निराळे, म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

२०२१ साली आलेल्या विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क अशी आहे. १९९५ च्या विंडोज ९५ ला ४ एमबी रॅमवर सुरू होता येई. म्हणजे रॅमची भूक हजारपट वाढली. (पगार कुणाचा तेवढा वाढला, हे आम्ही विचारत नाही!)

दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, पण पाहुणा आला की एकाला बाहेर झोपावे लागते. ४ जीबीचे तसेच. संगणक सुरू होतो. पण शिष्यवृत्तीचा अर्ज, दाखल्यांच्या फायली आणि व्हिडिओ एकदम उघडले की चाक फिरत राहते, आणि अर्जाची मुदत काही थांबत नाही. म्हणून ८ जीबी रॅम मागा. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते, मागाहून वाढत नाही; तेही आधीच विचारा.

डिस्कचा हिशेब फसवा असतो. विकणारा १००० च्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या. त्यामुळे ६४ जीबीची डिस्क पडद्यावर ६० च्याही आत दिसते. त्यातच प्रणाली, अपडेट आणि मुलांच्या फायली मावायच्या. २५६ जीबीची एसएसडी घ्यावी. फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, तर जुने यंत्रही चांगले पळते.

‘आय-फाइव्ह आहे’ एवढ्यावर भुलू नका. पुढचा आकडा पाहा. ८२५० असेल तर पिढी आठवी, ६२०० असेल तर सहावी. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागते. अट चुकवूनही काही जण ती बसवून देतात, पण अशा यंत्राला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ फुकट मिळते. ते दुकानातच चालवून पाहा.

घरी जुना संगणक असेल तर? विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तरी यंत्र भंगारात घालू नका. लिनक्स मिंट मोफत आहे. २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्कवर ती बसते, ४ जीबीवर बरी चालते. लिहिणे-वाचणे, इंटरनेट, मराठी टंकलेखन सारे होते. कॉमर्सच्या मुलांना मात्र टॅली लागते, आणि टॅली विंडोजवरच चालते. तेव्हा कोणते सॉफ्टवेअर शिकवणार, हे क्लासमध्ये विचारून मगच पैसे मोजा.