धुके निसर्गाचे, हाल कोणामुळे?

डिसेंबरच्या मध्यापासून उत्तर भारतात धुक्याची दुलई पसरू लागली, की पहिला फटका दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळाला बसतो. दुसरा फटका काही तासांतच मुंबई, पुणे आणि नागपूरच्या प्रवाशांना जाणवू लागतो. पुण्यात लख्ख ऊन पडलेले असते, तरीही विमानतळावरील फलकावर ‘हवामानामुळे विलंब’ ही ओळ झळकते. कोणी मुलाखतीला निघालेला असतो, कोणाला शस्त्रक्रियेची तारीख गाठायची असते, तर कोणी अंत्यविधीसाठी धावपळ करीत आलेला असतो. ‘निसर्गापुढे कोणाचे काय चालणार’ असे म्हणून बहुतेक जण मुकाट्याने खुर्चीत बसून राहतात. निसर्गापुढे कोणाचेच चालत नाही, हे खरेच. मात्र विमानतळावर जे हाल होतात, ते सगळेच निसर्गाच्या खात्यावर टाकता येतील काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम तांत्रिक बाजू पाहू. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर ‘कॅट-३ बी’ ही अत्याधुनिक यंत्रणा आहे. तिच्या साह्याने धावपट्टीवरील दृश्यमानता अवघी ५० मीटर असतानाही विमान उतरू शकते. मात्र त्यासाठी विमानात तशी उपकरणे हवीत आणि वैमानिकाने त्याचे खास प्रशिक्षण घेतलेले हवे. उड्डाणाची अट याहून कडक आहे. विमान सुटण्यासाठी साधारण १२५ मीटर दृश्यमानता लागते. त्यामुळे दाट धुक्यात काही विमाने उतरतात, पण सुटत मात्र नाहीत. उभ्या विमानांनी जागा अडते आणि नंतर येणाऱ्यांना जयपूर, लखनौ किंवा अहमदाबादकडे वळावे लागते.

पुण्यातील लख्ख उन्हाचे कोडे येथेच सुटते. देशांतर्गत मार्गावरील एक विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते. सकाळी दिल्लीत अडकलेले विमानच दुपारी पुण्याला आणि संध्याकाळी बेंगळुरूला जाणार असते. त्यातच वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे. ती उलटली, की धुके विरल्यानंतरही विमान हलत नाही. सकाळच्या दोन तासांच्या धुक्याची रात्रीपर्यंत पाच-सहा तासांची रखडपट्टी होते, ती अशी.

मुंबईत हेच काम पाऊस करतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि विमानतळ बंद पडला. जुलै २०१९ च्या मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे जाऊन रुतले आणि ती धावपट्टी काही दिवस वापराबाहेर गेली. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच वापर होतो. एवढ्या गजबजलेल्या विमानतळाला अर्ध्या तासाचा खंडही महाग पडतो.

भरपाई नाही, पण...

नियम काय सांगतात? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमावलीनुसार पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केल्यास कंपनीने प्रवाशाला भरपाई द्यावयाची असते. ऑगस्ट २०१६ पासून उड्डाणाच्या कालावधीनुसार ५ हजार ते १० हजार रुपये, किंवा मूळ भाडे आणि इंधन अधिभार मिळून होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती देण्याची तरतूद झाली. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण आणि सुरक्षेचा धोका ही कारणे मात्र भरपाईतून वगळलेली आहेत. विलंबाच्या कलमातही असाच अपवाद आहे.

या अपवादाची भाषा मात्र बारकाईने वाचण्याजोगी आहे. उड्डाण रद्द होण्याचे वा रखडण्याचे कारण ‘स्पष्टपणे’ हवामान हेच असले पाहिजे, असे नियम म्हणतो. सर्व वाजवी उपाय योजूनही टाळता आली नसती, अशीच परिस्थिती त्याला अभिप्रेत आहे. म्हणजे ‘हवामान’ हा शब्द उच्चारला की कंपनी सुटली, असा त्याचा अर्थ होत नाही.

याचा दाखला जानेवारी २०२४ मध्ये मिळाला. आदल्या डिसेंबरात दिल्लीच्या धुक्यात रखडलेल्या आणि अन्यत्र वळविलेल्या विमानांची छाननी डीजीसीएने केली. तेव्हा काही उड्डाणांवर कमी दृश्यमानतेचे प्रशिक्षण घेतलेले वैमानिक नेमलेच नव्हते, असे आढळून आले. दोन विमान कंपन्यांना प्रत्येकी ३० लाख रुपयांचा दंड झाला. धुके खरेच होते, पण ही विमाने अडली त्यात वेळापत्रक आखणाऱ्याचाही वाटा होता. दिल्लीत हिवाळ्यात धुके पडते, ही काही आकस्मिक आपत्ती नव्हे. पुण्याची भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा अभ्यास करीत असून, त्यातून अंदाजही सुधारत गेले आहेत. जे दरवर्षी येते आणि ज्याची चाहूल आधी लागते, त्याची तयारी न करणे ही निसर्गाची चूक म्हणता येणार नाही.

न्यायालयाने आखलेली रेषा

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा विचार २०११ मध्येच केला आहे. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीहून हैदराबादला निघालेल्या एका प्रवाशाला धुक्यामुळे तब्बल ११ तास विमानातच बसून राहावे लागले. हैदराबादच्या स्थायी लोकअदालतीने त्याला १० हजार रुपये भरपाई मंजूर केली. विलंबाला धुके कारणीभूत होते आणि कंपनीच्या सेवेत त्रुटी नव्हती, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्याच निकालात न्यायालयाने एक रेषाही आखून दिली. विलंब कंपनीच्या हातात नसला, तरी अडकलेल्या प्रवाशांना अन्न, पाणी, स्वच्छतागृह अशा किमान सोयी पुरविण्याचे तिचे कर्तव्य संपत नाही.

युरोपीय न्यायालय याहून पुढे गेले. २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश बंद झाले होते. त्या घटनेतून उद्भवलेल्या खटल्यात जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की आपत्ती असाधारण असली तरी प्रवाशाच्या जेवणाची आणि मुक्कामाची जबाबदारी कंपनीवरच राहते. भारतीय नियमावलीने इतकी स्पष्टता अद्याप दाखविलेली नाही.

एका दृश्याने मात्र येथील यंत्रणा हलली. १४ जानेवारी २०२४ रोजी दिल्लीकडे निघालेले गोव्याचे विमान धुक्यामुळे मुंबईला वळविण्यात आले आणि कंटाळलेले प्रवासी विमानाशेजारी जमिनीवरच जेवायला बसले. त्याबद्दल विमान कंपनी आणि विमानतळ चालक या दोघांनाही दंड झाला. दुसऱ्याच दिवशी डीजीसीएने कार्यपद्धती जाहीर केली. कंपन्यांनी विलंबाची अचूक माहिती वेळोवेळी द्यावी आणि तीन तासांहून अधिक रखडण्याची शक्यता असलेले उड्डाण पुरेसे आधी रद्द करण्याचा पर्याय वापरावा, असे त्यात म्हटले होते. पुढे मार्च २०२४ मध्ये, विमानात फार काळ अडकलेल्या प्रवाशांना पुन्हा बाहेर पडू देण्याची वाटही मोकळी झाली.

प्रवाशाच्या हाती काय?

प्रवाशाला काही गोष्टी स्वतःच साधता येतात. हिवाळ्यात दिल्लीचे धुके साधारणतः पहाटे सर्वांत दाट असते. त्यामुळे तातडीच्या कामासाठी आदल्या दिवशी दुपारी निघणे श्रेयस्कर. पुढचे विमान गाठायचे असल्यास दोन्ही उड्डाणे एकाच आरक्षणात असावीत. वेगवेगळ्या तिकिटांवर दुसरे विमान हुकल्यास पहिली कंपनी जबाबदारी घेत नाही. विमान रखडले म्हणून घाईने स्वतः तिकीट रद्द करू नये, कारण रद्द करण्याचे शुल्क कापले जाते. कंपनीनेच उड्डाण रद्द केले, तर पूर्ण परतावा किंवा पर्यायी विमान यांतील निवड प्रवाशाची असते. परताव्याऐवजी पुढील प्रवासासाठी पत घेण्याची सक्ती कंपनीला करता येत नाही.

विलंबाचे कारण लेखी मागावे, संदेश आणि बोर्डिंग पास जपून ठेवावेत. विमानतळांवरील हवामानाच्या नोंदी इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. आपल्या उड्डाणाच्या वेळची नोंद तेथेच टिपून ठेवल्यास ‘हवामान’ या सबबीची शहानिशा करता येते. कंपनीने दाद दिली नाही, तर केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ या संकेतस्थळावर आणि त्यानंतर ग्राहक आयोगाकडे तक्रार नेता येते. प्रवास विमाही उपयोगी पडतो, फक्त विलंबाचे किती तास भरल्यावर रक्कम मिळते, ते आधी वाचावे.

एवढे करूनही धुके पडायचे ते पडणारच, आणि सुरक्षिततेसाठी थांबलेल्या विमानाबद्दल कोणी तक्रारही करू नये. तक्रार आहे ती ताटकळत ठेवण्याबद्दल आणि दर अर्ध्या तासाने पुढे ढकलल्या जाणाऱ्या वेळेबद्दल. पहाटे चारला घर सोडलेल्या माणसाला ‘आज विमान जाणार नाही’ हे सहा वाजता सांगितले, तर तो दुसरी वाट शोधतो. दुपारी दोनला सांगितले, तर त्याचा दिवस आणि बहुधा कामही गेलेले असते. मधल्या या आठ तासांचा हिशेब धुक्याकडे मागता येत नाही. तो विमान कंपनीने द्यायला हवा आणि नियामकाने मागायला हवा.